टीडीएसकाका

आमच्या सोसायटीत कुणाकडे पाहुणे आले की काका दहा मिनिटांत तिथे हजर होतात आणि पाहुण्यांच्या पुढ्यातल्या पेल्यात सहज मीटर बुडवतात. पाहुणे पुण्याबाहेरचे असले तर दचकतात. पुण्यातले असले तर आकडा विचारतात.

लोक सदऱ्याच्या खिशाला पेन लावतात, तिथे काकांचा मीटर असतो. वीतभर लांब, जाड खडूसारखा. टोपण काढलं की खाली दोन बारीक पिना दिसतात, सापाच्या जिभेसारख्या. पिना पाण्यात बुडवायच्या, मीटर पेल्याच्या काठावर दोनदा टकटक आपटायचा, म्हणजे पिनांना चिकटलेले बुडबुडे सुटतात. मग काका दहा सेकंद कुणाशी बोलत नाहीत. त्या दहा सेकंदांत त्यांच्या घरातला फोनही वाजत नाही, असं काकू म्हणतात. मग मीटर चष्म्याजवळ नेऊन ते आकडा जाहीर करतात, स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याचं सांगणाऱ्या बाईच्या आवाजात. "एकशे बत्तीस." बस्स. याचा आनंद मानायचा की धसका घ्यायचा, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

सदऱ्याच्या त्याच खिशात एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं. त्यावर भारतीय मानक १०५००, सन २०१२ ची आवृत्ती, एवढं लाल शाईत आणि खाली दोन आकडे: ५०० आणि २०००. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले पदार्थ लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. दुसरं पाणीच मिळत नसेल तर नाइलाजाने २००० पर्यंत. दुसरी माणसं खिशात गणपतीचा फोटो ठेवतात.

काकांचं खरं नाव खाली पाटीवर आहे, पण त्या नावाने विचारलंत तर वॉचमन मामा तुम्हाला चुकीच्या विंगला पाठवतील. गंमत अशी की काकांची सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. चौतीस वर्षं ते लोकांच्या पगारातून आणि बिलांतून टीडीएस नीट कापला गेलाय का ते बघत होते. तो टीडीएस प्राप्तिकराचा. निवृत्त झाले आणि महिन्याभरात त्यांना शोध लागला की पाण्यातही टीडीएस असतो. टोटल डिझॉल्व्ह्ड सॉलिड्स. देवाने माणसाला दुसरा जन्म दिला आणि खातंही तेच दिलं.

मीटर त्यांच्या आयुष्यात आला त्याची हकीकत सोसायटीतल्या निम्म्या घरांची आहे. टाय लावलेला एक मुलगा पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र विकायला दारात आला. त्याने दोन पेले मागितले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्यांचं एक उपकरण बुडवलं आणि पिन सॉकेटात खुपसली. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं झालं, मग तपकिरी, मग त्यावर साय धरावी तसा फेस आला. यंत्राचं पाणी जसंच्या तसं. काकू "अगं बाई, हे आपण पितो?" म्हणाल्या आणि मुलाने पावतीपुस्तक काढलं. यंत्राबरोबर भेट म्हणून जो मीटर मिळाला, तो काकांचा पहिला मीटर.

आता तो तपकिरी रंग पाण्यातला नव्हताच. तो कांडीचा गंज. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजून पाण्यात उतरते. यंत्राच्या पाण्यातले क्षार आधीच काढून टाकलेले, त्यातून वीज जेमतेम वाहते, म्हणून तिथली कांडी शाबूत. मुलाने पाण्यातली घाण दाखवली नव्हती, स्वतःची कांडी पाण्यात विरघळवून दाखवली होती. डी विंगमधल्या सरांनी हे काकांना समजावून सांगितलं तेव्हा यंत्र भिंतीवर चढून दोन वर्षं झाली होती. (सर म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आमच्या सोसायटीत विषय कोणताही निघाला तरी त्या विषयाचा एक निवृत्त प्राध्यापक सापडतो.) काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फसवणूक झाली हे मान्य. पण मीटर बरोबर चालतोय."

खरं तर आमच्या नळाला त्या यंत्राची गरजच नव्हती. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खाली खडकवासला या धरणांत साठतो तो सह्याद्रीवरचा पाऊस. तो काळ्या कातळावरून धावत येतो, वाटेत क्षार गोळा करायला त्याला सवड नसते. काकांच्या वहीत नळाचा आकडा शंभराच्या आसपास घुटमळायचा. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानेही सांगितलं की पाण्यातला टीडीएस ५०० च्या आत आहे तिथे आरओला बंदी घाला. काकांनी ती बातमी कापून यंत्राच्याच पोटावर चिकटवली. यंत्र चालू राहिलं. "पैसे दिलेत," काकू म्हणाल्या.

पण नळाचं पाणी आमच्याकडे येतं तासभर. उरलेली तहान दोन बोअर आणि टँकर भागवतात. म्हणजे एकाच सोसायटीत तीन पाणी, तीन आकडे, आणि त्यावर एक निवृत्त हिशेब तपासनीस. फळा लागायला वेळ लागला नाही. लिफ्टशेजारी, जिथे पूर्वी सुविचार असायचा, तिथे काकांच्या ठाशीव अक्षरात रोज सकाळी सातला नोंद होऊ लागली: नळ ९४, बोअर ७००, टँकर ४६०. सुविचार कोणी पुसला हे अजून कळलेलं नाही, पण तशी कोणाची तक्रारही आलेली नाही.

काका पाण्यावर थांबले असते तर मी हे लिहायलाच बसलो नसतो. त्यांनी नारळपाणी मोजलं. उसाचा रस मोजला, तेव्हा गुऱ्हाळवाल्याने हात जोडले. मुंजीत बटूच्या आचमनाचं पाणी मोजलं. पंढरपूरला गेले असताना चंद्रभागेत मीटर बुडवला; तो आकडा काकूंनी आजतागायत कुणाला सांगू दिलेला नाही. काकूंच्या लोणच्याच्या खारात पिना घातल्या तेव्हा पडद्यावर आधी 'गुणिले दहा' लुकलुकलं आणि मग सगळंच गेलं. फार गरम पदार्थ मीटरला सोसत नाही, म्हणून काका चहा आधी गार करतात, मग मोजतात, मग पितात. सहा वर्षं या माणसाने गरम चहा घेतला नव्हता.

पहिला मीटर सम्पच्या टाकीत पडून गेला. वाकून बघताना खिशातून सटकला. काका दिवसभर जेवले नाहीत. अमेरिकेतल्या मुलाने लगेच नवा पाठवला, चांगला महागाचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर नोंद झाली: नळ १३२, बोअर ९८०.

सोसायटीत हाहाकार उडाला. एका रात्रीत नळाचं पाणी ९४ चं १३२ झालं होतं. कोणी म्हणालं धरणात काहीतरी पडलं, कोणी म्हणालं पाइपलाइन बदलली. त्याच सकाळी टँकर आला. काकांनी पाइपाखाली मग धरला, मीटर घातला आणि हात वर केला. "नऊशे दहा. परत न्या."

टँकरवाला शांतपणे केबिनमधून उतरला आणि त्याने खिशातून स्वतःचा मीटर काढला. इतकी वर्षं काकांशी व्यवहार केल्यावर कोणताही शहाणा माणूस तेच करेल. त्याने मीटर घातला. सहाशे पन्नास.

"बनावट मीटर आहे," काका म्हणाले.

"काका, हा तुमच्या जुन्या मीटरचाच भाऊ आहे. त्याच यंत्रावर भेट मिळालाय. तुमचा तो टाकीत पडला नसता तर आज मी पास होतो."

मी सोसायटीचा सेक्रेटरी असल्यामुळे मला खाली बोलावण्यात आलं, आणि मला काही कळत नसल्यामुळे मी सरांना बोलावलं. सर पायजम्यावरच आले. त्यांनी दोन्ही मीटर हातात घेतले, एकाच मगात बुडवले आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर आहेत."

"कसं शक्य आहे? आकडे दोन आणि दोन्ही बरोबर?"

"कारण दोन्ही मीटर क्षार मोजतच नाहीत."

त्या सकाळी काकांचा चेहरा बघायला हवा होता. सर मात्र रंगात आले. म्हणाले, या दोन पिनांमधून थोडीशी वीज सोडतात आणि ती किती सहज गेली एवढंच मीटरला कळतं. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभारित तुकडे होतात, आयन, आणि तेच वीज वाहून नेतात. जितके आयन जास्त, तितकी वाहकता जास्त. तिचं माप मायक्रोसीमेन्समध्ये. पाणी एक अंशाने तापलं की वाहकता साधारण दोन टक्क्यांनी वाढते, म्हणून मीटर आतल्या आत हिशेब करून सगळं २५ अंशांवर आणतो. आणि मग त्या वाहकतेला एका ठरावीक आकड्याने गुणतो आणि म्हणतो, एवढे मिलिग्रॅम असावेत. टँकरवाल्याचा मीटर पाण्यात सगळं स्वयंपाकातलं मीठच आहे असं धरतो आणि ०.५ ने गुणतो. काकांचा नवा मीटर नदी-विहिरीच्या पाण्यासारखं मिश्रण धरतो, चाळीस टक्के सल्फेट, चाळीस टक्के बायकार्बोनेट, वीस टक्के मीठ, आणि ०.७ ने गुणतो. वाहकता दोघांनाही तीच दिसतेय, तेराशे.

"धरतो?" काका म्हणाले. "गृहीत धरतो?"

"हो."

"म्हणजे हे अंदाजपत्रक झालं! प्रत्यक्ष जमा नव्हे!" चौतीस वर्षं ज्या माणसाने अंदाजाच्या आकड्यापुढे लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं, तो सहा वर्षं सोसायटीच्या फळ्यावर अंदाज लिहीत होता.

सरांनी समजूत काढायचा प्रयत्न केला. सीमेन्स हे एकक येण्याआधी लोक वाहकता 'म्हो'मध्ये मोजायचे, रोधाचं एकक ओहम, ते उलटं लिहून म्हो. वाल्याने मरा मरा म्हटलं आणि राम निघाला, तसंच. काकांना हसू आलं नाही. मग सरांनी आऱ्हेनियसची गोष्ट काढली. स्वीडनमधला हा तरुण १८८४ साली याच विषयावर प्रबंध घेऊन गेला, विरघळलेले क्षार वीज कशी वाहतात यावर. परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. पुढे १९०३ साली त्याच कामाला नोबेल मिळालं. काका एवढंच म्हणाले, "परीक्षकांचं काही चुकलं नव्हतं." तपासनीस शेवटी तपासनिसांच्याच बाजूने उभा राहतो. टँकरवाल्याने मधल्या वेळात टँकर रिकामा केला आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी काकांनी प्रत्यक्ष पडताळणी हाती घेतली. सरांनी चूक केली. ते बोलून गेले होते की खरी पद्धत म्हणजे पाणी गाळायचं, आटवायचं, उरलेलं १८० अंशांवर सुकवायचं आणि वजन करायचं. आमच्यापैकी कुणी ते ऐकून सोडून दिलं असतं. काकांनी बोअरचं दहा लिटर पाणी फडक्यातून गाळून काकूंच्या दुधाच्या पातेल्यात चढवलं. पातेल्यात मावेल तेवढं ओतायचं, आटेल तसं वरून भर घालायची. सकाळी साडेनऊला सुरुवात, संध्याकाळी पाचला तळ दिसू लागला. त्या दिवशी त्यांच्याकडे दुपारचा चहा झाला नाही आणि त्या महिन्यात गॅस सिलिंडर चार दिवस आधी संपला. शेवटचं पावभर पाणी एका स्टीलच्या वाटीत घेतलं. वाटीचं वजन आधी करून ठेवलं होतं. त्याला ते आरंभीची शिल्लक म्हणत होते. पातेल्याच्या कडांना धरलेला पांढरा थर उलथन्याने खरवडून त्यातच घातला. तळाशी जे उरलं ते मळकट पांढरं होतं, तोंडल्याच्या भाजीचं पातेलं करपल्यावर जो वास येतो त्याच्या जवळपासचा वास.

वजन करायला काका सराफाकडे गेले, कारण काकूंच्या स्वयंपाकघरातला काटा ग्रॅमच्या खाली बोलत नाही. सोबत मीही होतो. सराफाने वाटीत डोकावून विचारलं, "काका, भस्म का?"

"बोअर," काका म्हणाले.

सराफ मोठा माणूस. त्याने पुढे काहीही विचारलं नाही. सोन्याच्या काट्यावर वाटी ठेवली, काचेची दारं लावून घेतली. आरंभीची शिल्लक वजा जाता ८ ग्रॅम ४६० मिलिग्रॅम. लिटरला ८४६. टँकरवाल्याच्या मीटरने ७०० सांगितलं असतं, काकांच्या मीटरने ९८० सांगितलं होतं. खरं पाणी दोघांच्या मधे बसलं होतं आणि कोणाकडेच बघत नव्हतं.

सरांनी कारणंही दिली. थोडं पातेल्यालाच राहिलं असणार. शिवाय पाणी उकळलं की बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी वाफेबरोबर निघून जातं, बायकार्बोनेटचं निम्मं वजन तिथेच घटतं. काकांनी वहीत लिहिलं: 'तफावतीचे कारण: हवेत पळालेला वायू.' आणि मग ८४६ ला १४०० ने भागून त्यांनी सोसायटीचा स्वतःचा गुणक काढला, ०.६०४. पुढचे चार दिवस ते घरातून बाहेर पडले नाहीत. सहा वर्षांच्या तीन वह्या त्यांनी लाल शाईने नव्या गुणकाने दुरुस्त केल्या, प्रत्येक दुरुस्तीखाली सही करून.

पाचव्या दिवशी सर जिन्यात भेटले आणि सहज बोलून गेले की हा गुणक फक्त बोअरचा. नळाच्या पाण्यातले क्षार वेगळे, त्याचा गुणक वेगळा निघेल. टँकरचा आणखी वेगळा.

काकांनी वळून काकूंकडे पाहिलं. काकूंनी ओट्यावरचं दुधाचं पातेलं उचललं आणि आत नेऊन कपाटात ठेवलं. कपाटाला कुलूप लावल्याचा आवाज आम्ही जिन्यातून ऐकला.

फळ्यावर त्यानंतर मीटरचा सरळ आकडाच यायला लागला, खाली बारीक अक्षरात 'अंदाजे' लिहून. मला वाटतं काकांना हा शब्द लिहायला पातेल्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

पहिल्या मजल्यावर एक आजी राहतात. मूळच्या सोलापूरकडच्या, दुष्काळी पाण्याच्या जाणकार. त्यांच्याकडे मीटर नाही. डाळ वेळेत शिजली तर पाणी चांगलं, नाही शिजली तर जड. साबणाला फेस आला तर चांगलं, नाही आला तर बोअरचं. घोटभर जिभेवर फिरवून त्या 'मचूळ' म्हणाल्या की त्या दिवशी काकांचा बोअरचा आकडा चढलेला असतोच. काका याला योगायोग म्हणतात. आजी काकांना 'मास्तर' म्हणतात, का ते कोणी विचारलेलं नाही.

या आजींच्या नातीच्या केळवणाला गुलाबजाम होते. पाक करून गार व्हायला ठेवला होता, जाम अजून तळायचे होते. काकांनी सवयीने मीटर काढला. एकोणतीस.

त्यांनी पुन्हा घातला. एकोणतीस. नळाचं पाणी एकशे बत्तीस, त्यात तीन किलो साखर घातली आणि ते एकोणतीस झालं. मीटरच्या म्हणण्याप्रमाणे साखरेने पाणी धुऊन निघालं होतं.

"मास्तर, मंग साखर गेली कुठं?" आजींनी विचारलं.

सर त्या दिवशी पाहुण्यांत होतेच. साखर पाण्यात विरघळते पण तिचे आयन होत नाहीत, ती अख्खीच्या अख्खी राहते, वीज वाहत नाही. उलट पाक घट्ट झाल्यामुळे पाण्यातल्या मूळच्या आयनांचीही हालचाल मंदावली. मीटरला साखर दिसतच नाही. सर इथे थांबले असते तर जेवण सुखाने झालं असतं. ते पुढे म्हणाले की कीटकनाशकंही दिसत नाहीत. आर्सेनिकची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, तिच्या दसपट असलं तरी आकडा हलणार नाही. आणि जंतू तर नाहीच नाही. काका ऐकत होते, पण त्यांची नजर पाकावर होती. ज्या माणसाने आयुष्यात एक पैसा हिशेबाबाहेर जाऊ दिला नाही, त्याच्या डोळ्यांदेखत तीन किलो साखर हिशेबाबाहेर गेली होती.

मग पावसाळा लागला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आजींनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून भरलेला हंडा खाली ओतला, मामांच्या छत्रीवर. "पाण्याला वास मारतोय," त्या वरून म्हणाल्या.

काका लगोलग सम्पपाशी गेले. झाकण उघडलं, मग बुडवून पाणी काढलं. मीटर. टकटक. दहा सेकंद. "एकशे अडतीस. काल एकशे बत्तीस होता. सहाचा फरक. पावसाळ्यात चालायचंच."

"आकड्याला नाक हाय का?" आजी म्हणाल्या.

यावर काकांनी जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. चार माणसं गोळा झाली होती, कामाला जाणाऱ्या बायका थांबल्या होत्या. काकांनी त्या मगातलं पाणी पेल्यात ओतलं, पेला सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि गटागटा पिऊन टाकला. "पाचशेपर्यंत चालतं," ते म्हणाले आणि त्यांनी खिशातलं कार्ड काढून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी अकरा घरांत पोटं बिघडली होती आणि पहिला नंबर काकांचा होता. पाच दिवस ते सलाइनवर होते. सांडपाण्याचा एक पाइप सम्पच्या भिंतीलगत तडकला होता, पाऊस आला तसं त्याचं पाणी आत झिरपत होतं. प्रयोगशाळेचा अहवाल आला: कोलिफॉर्म जंतू आहेत. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये एकही असायला नको. हे मानकही १०५०० चंच, काकांच्या खिशातल्याच, फक्त कार्डावर जागा नव्हती. काकूंना काही झालं नाही. त्या यंत्राचं पाणी पीत होत्या. "पैसे दिलेत," त्यांनी दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

लोकांनी काकांची फार चेष्टा केली. मीही थोडी केली. पण सेक्रेटरी म्हणून मला दोन गोष्टी लिहून ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की या सोसायटीला चौदा वर्षं झाली, आणि सम्पचं झाकण उघडून रोज आत डोकावणारा माणूस एकच आहे. दुसरी ही की प्लंबरने विचारलं, "गळती कधीपासून?" तेव्हा उत्तर फक्त काकांच्या वहीत सापडलं. त्या वहीत सहा आठवडे सम्पचा आकडा १३१, १३२, १३२ असा सरळ रेघेत चालला होता, आणि एका मंगळवारी तो १३८ झाला. आधीच्या सोमवारी रात्री मागच्या अंगणात कोणीतरी बोरवेलच्या दुरुस्तीसाठी जड गाडी उभी केली होती. पाइप तिथेच फुटलेला निघाला.

सर दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा वही घेऊनच गेले. त्यांनी ते पान काढून काकांच्या पुढ्यात ठेवलं. "काका, मीटर खोटं बोलला नव्हता. १३८ हा काही मोठा आकडा नाही. सहा हा मोठा आकडा होता."

काकांनी चष्मा लावला, बराच वेळ पानाकडे पाहिलं आणि नर्सकडे लाल पेन मागितलं.

सम्प धुतला, पाइप बदलला, ब्लीचिंग टाकलं. पुढच्या सोमवारी सकाळी सातला काका फळ्यापाशी उभे होते, दहा किलो उतरलेले वाटत होते. त्यांनी फळ्यावर नवे रकाने आखले. कालच्या आकड्याशी फरक, हा एक. मग त्यांनी पहिल्या मजल्यावर जाऊन आजींच्या दाराची बेल वाजवली, हातात पाण्याचा पेला. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही. आजी पेला घेऊन खाली आल्या, वास घेतला, घोट घेतला, पाण्याने चूळ भरल्यासारखं केलं आणि काकांनी त्यांचा निकाल खडूने लिहून घेतला. तेव्हापासून हे रोज चालतं. आजी पैसे घेत नाहीत, पण काकांना आता त्यांच्याकडे चहा मिळतो. तो गरम असतो, म्हणून काका तो मोजत नाहीत.

आज सकाळी ऑफिसला निघताना मी फळा वाचला. नळ १३१, फरक शून्य. बोअर ९७६, फरक उणे दोन. टँकर ८९०, खाली 'अंदाजे'. वास: नाही, काकांच्या सहीनिशी. चव: आजी गावाला गेल्या आहेत.